खाररात्याची जळकी पानं

आधी एक कोडं घालते. सुटलं तर शाबास. नाही सुटलं तरी नाराज होऊ नका, कारण त्यानं माझ्या शास्त्रज्ञ आत्याचंसुद्धा डोकं चार दिवस भणभणत ठेवलं होतं.

एक खाचर आहे. खाचर म्हणजे भोवती बांध घातलेलं भाताचं शेत. त्यात एकाच मडक्यातलं बी एकाच दिवशी पेरलं. माती तीच, पाऊस तोच, ऊनही तेच. मग एके दिवशी त्यात समुद्राचं पाणी शिरलं. वीस दिवसांनी पाहिलं तर उगवतीकडच्या अर्ध्या भागातल्या रोपांची खालची पानं करपून तपकिरी झालेली, अगदी बघवत नव्हती. पण मधून नवं पान हिरवंगार वर आलेलं. मावळतीकडच्या अर्ध्या भागात खाली एकही जळकं पान नाही, सगळं कसं स्वच्छ. पण तिथली वरची नवी पानंच टोकांपासून वाळत चाललेली आणि रोपं मरायला टेकलेली. मधे बांध नाही, साधी काठीसुद्धा रोवलेली नाही. तर मग असं का झालं?

करा विचार. तोवर मी कोण ते सांगते.

मी जुईली घरत, इयत्ता सातवी, मुक्काम खारओवळी. आमचं गाव खाडीला इतकं चिकटून आहे की भरतीच्या वेळी आमची शेतं पाण्याच्या पातळीखाली असतात. मग ती बुडत नाहीत कशी? तर गाव आणि खाडी यांच्यामध्ये चिखलाचा लांबलचक बांध आहे, आणि बांधाला दारं आहेत. त्या दारांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायचं. भरती आली की लावून घ्यायची. बाबांच्या लहानपणी हे काम माणसं करत. आता उघाडी भरतीचं गणित स्वतः मांडते आणि आपली आपण मिटते. पण बाबांच्या लहानपणापासून आजवर समुद्रही दोन विती वर चढलाय, त्यामुळे हुशार दारं बसवूनही आमची काळजी काही कमी झालेली नाही.

माझी मयूरीआत्या खाऱ्या जमिनीतल्या भातावर संशोधन करते. तिचं केंद्र तालुक्याला आहे, पण चिखल आमच्या गावात असल्यामुळे पावसाळाभर ती आमच्याकडेच मुक्काम ठोकते. तिच्याबरोबर असते कुर्ली. कुर्ली म्हणजे खेकडा हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण ही यंत्रमानव जातीची आहे. आठ पायांची, पाटाएवढी, चिखलात न रुतता चालणारी. तिच्या एका नांगीत केसाइतकी बारीक सुई आहे. ती मातीत किंवा पानात टोचली की आत मीठ किती ते कळतं. दुसऱ्या नांगीत कात्री आहे. कुर्ली खोटं बोलत नाही आणि विचारल्याशिवाय फारसं काही बोलत नाही. हा दुसरा गुण मला त्या वर्षी फार सोयीचा वाटला होता, आणि त्यानंच मला गोत्यात आणलं.

आता हिराजीआजोबा. ते आमच्या नात्यातले नव्हेत, पण गावातल्या सगळ्या पोरांचे ते आजोबाच. एकटे राहतात. त्यांच्याकडे खारराता नावाचं जुनं तांबडं भात होतं. पूर्वी म्हणे गावभर खारराताच पिके. मग जास्त उतारा, म्हणजे जास्त पीक, देणारी नवी भातं आली आणि खारराता मागे पडला. नवी भातं चांगलीच होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण समुद्र वर चढला तशी तीही माना टाकू लागली. आत्या जुन्या बियाच्या शोधात घरोघर फिरली, तेव्हा अख्ख्या गावात खारराता उरला होता तो फक्त हिराजीआजोबांच्या एका मडक्यात. दोन शेर बी, राखेत घोळवून ठेवलेलं. त्यांच्या बायकोनं, चांगुणाआजीनं, एकेक लोंबी पारखून ते निवडलं होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आजी गेली.

बी आणखी ठेवलं तर उगवायचं नाही, आणि आजोबांचे गुडघे चिखलात उतरू देत नव्हते. म्हणून त्यांनी मडकं आत्याला दिलं, पण ते दिलं माझ्या हातात.

"चांगूच्या हातचं शेवटचं बी आहे गो," ते म्हणाले. "सांभाळ."

मी हो म्हटलं. सातवीतल्या मुलीला हो म्हणायला काय लागतं?

त्या दिवशी त्यांच्या ओटीवर भाताचा कोंडा सांडला होता. मी निघाले तेव्हा त्यांनी केरसुणी उचलली आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवून दिली. मी विचारलं, का ठेवली? तर म्हणाले, पाहुणा निघाल्याबरोबर मागून केर काढू नये, त्याला हाकलून दिल्यासारखं होतं. तू वळणापलीकडे गेलीस की काढेन. मला कुणीतरी पाहुणी म्हटलं याचाच मला इतका आनंद झाला की वळण येईपर्यंत मी मुद्दाम सावकाश चालले.

बियाला मोड आणून आम्ही ते दोन गुंठ्यांच्या खाचरात फेकलं. खाऱ्या जमिनीत आमच्याकडे असंच पेरतात. श्रावण आला तोवर रोपं गुडघ्याला लागली होती. आणि मग नारळी पौर्णिमेच्या दुपारी, गाव खाडीवर नारळ सोडायला जमलं असताना, उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पाडली. खांड म्हणजे भगदाड. अख्खं गाव पेंढा आणि चिखल घेऊन धावलं. तासाभरात खांड बुजवली, पण तेवढ्यात खाडी खाररात्याच्या खाचरात शिरून गुडघाभर उभी राहिली होती.

ओहोटी लागताच आत्यानं खारं पाणी बाहेर सोडलं आणि लगोलग गावतळ्याचं गोडं पाणी खाचरात घेतलं. मला वाटलं होतं, एवढं पाणी झाल्यावर आता खाचर कोरडं करायला हवं. आत्या म्हणाली, मुळीच नाही. कोरडं केलं की ऊन मातीतलं पाणी ओढणार, दिव्याची वात तेल ओढते तसं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं. याला केशाकर्षण (केसासारख्या बारीक जागेतून पाण्याचं आपोआप वर जाणं) म्हणतात. पाणी उडून जातं, मीठ मात्र वरच राहतं आणि मुळांपाशी पांढरा थर जमतो. उलट गोडं पाणी उभं राहिलं तर ते मीठ विरघळवून खाली दाबतं. पण तळ्यातलं पाणी सगळ्या गावाला पुरवायचं होतं, आणि पावसानं नेमकी दडी मारली. आठ दिवस आभाळात ढगाचं बोटसुद्धा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोपांनी माना टाकल्या. पायाशी पाणी, तरी रोपं कोमेजलेली. मला ते काही केल्या कळेना. आत्यानं उत्तर जेवणाच्या ताटात दाखवलं. तिनं काकडीच्या चकत्यांवर मीठ टाकलं आणि मला थांबायला सांगितलं. थोड्या वेळानं ताटलीत पाणी सुटलं आणि चकत्या लुळ्या पडल्या. काकडीच्या पेशी (सजीवांचे अगदी लहान कप्पे) पातळ पडद्याच्या असतात. त्या पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. याला परासरण म्हणतात. एरवी मुळांच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत शिरतं. बाहेरच मीठ जास्त झालं की मुळाला पाणी ओढताना जीव काढावा लागतो. म्हणजे आमची रोपं पाण्यात उभी राहून तहानलेली होती. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, आणि काकडी संपवली तरी वाईट वाटायचं थांबलं नाही.

हिराजीआजोबा काठी टेकत बांधावर आले आणि गावाची रीत सांगून गेले. समुद्र आत येऊन गेला म्हणजे तो पाहुणा येऊन गेला. दहा दिवस खाचराचा केर काढायचा नाही. तण उपटायचं नाही, पान तोडायचं नाही, विळा लावायचा नाही. आत्यानं मान डोलावली. तिला तर फक्त मोजमापच करायचं होतं. मला मात्र मनातून हसू आलं. समुद्राला कसला आलाय रुसवा?

मग शेजारच्या गावाचा बांध फुटला आणि आत्या तीन दिवस तिकडे गेली. रोज पानांतलं मीठ मोजायचं काम माझ्यावर आणि कुर्लीवर सोपवून गेली.

पहिल्याच दिवशी मला दिसलं की रोपांच्या खालच्या पानांची टोकं पिवळी पडलीत. दुपारपर्यंत ती तपकिरी वाटायला लागली. आमच्या घरी आईच्या शेवंतीच्या कुंड्या आहेत. पिवळं पान दिसलं की आई खुडून टाकते आणि म्हणते, आता झाड जोम धरेल. मला आठवलं ते एवढंच. आजोबांनी मला सांभाळ म्हटलं होतं, आणि रोगट पानं तशीच ठेवणं म्हणजे काही सांभाळणं नव्हे, असं मी ठरवून टाकलं. मी कुर्लीला सांगितलं, खालची पिवळी पानं काप. ती म्हणाली, हे काम आजच्या यादीत नाही. मी म्हटलं, मी सांगते म्हणून काप. मग तिची कात्री अशी काही चालायला लागली की बघत राहावं.

दोन दिवसांत आम्ही मावळतीकडचा अर्धा भाग चकाचक केला. फार सुंदर दिसत होता हो, खरंच. तिसऱ्या दिवशी आत्या परत आली आणि मला एकदम आठवलं की मी काय केलंय. मी कुर्लीला गाठून सांगितलं, हे आत्याला सांगायचं नाही.

"आपणहून सांगणार नाही," कुर्ली म्हणाली. "विचारलं तर सांगेन."

कापलेली पानं तर चिखलात दबून दिसेनाशीही झाली होती. एरवी आत्याच्या नजरेतून सुटलं नसतं, पण तीन दिवस दुसऱ्या गावाचा बांध बांधून तिचे डोळे तांबारले होते. तिनं आकडे पाहिले, बरं म्हणाली आणि झोपायला गेली.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, कोड्यात सांगितलंय. पाऊस पुन्हा सुरू झाला, मातीतलं मीठ हळूहळू उतरलं. उगवतीकडची कुरूप रोपं तगली आणि मावळतीकडची माझी देखणी रोपं वरून वाळायला लागली.

आत्या चक्रावली. तिनं दोन्ही भागांतली माती चाळीस ठिकाणी तपासली. मीठ सारखंच. पाण्याची खोली सारखीच. कीड नाही, बुरशी नाही. बुडख्याशी कापल्याच्या खुणा तर तोवर कुजून मिटल्या होत्या. चार दिवस ती जेवतानासुद्धा कागदावर आकडे मांडत होती. मी शेजारी बसून भात चिवडत होते. रोज ठरवायची, आज सांगीन. रोज रात्र व्हायची.

पाचव्या दिवशी आत्या म्हणाली की आता एकच शक्यता उरते. बियात भेसळ असणार. मडक्यात अर्धं बी खाररात्याचं नव्हतंच, दुसऱ्याच कुठल्या कमजोर भाताचं होतं. अर्धी रोपं नेमकी एकाच बाजूला कशी उगवली हे मात्र तिलाही पटत नव्हतं, पण दुसरं उत्तर सापडत नव्हतं. निदान आजोबांच्या कानावर घालू या म्हणून ती मला आणि कुर्लीला घेऊन त्यांच्याकडे निघाली.

आजोबा ओटीवर बसले होते. आत्यानं शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चांगू एकेक लोंबी उन्हाकडे धरून बघायची, दाण्याचा रंग बघायची, कूस म्हणजे टोकाचं कुसळ बघायची, एक जरी दाणा वेगळा वाटला तरी ती लोंबी खायच्या भातात टाकायची. पन्नास वर्षांत तिची चूक झाली नाही. इतकं बोलून त्यांनी डोळे पुसले.

"पण शेवटी शेवटी नजर गेली असेल तिची," ते म्हणाले. "मला बोलली नसेल."

तेव्हा मला राहवलं नाही. मी केलेल्या चुकीचं खापर एका गेलेल्या बाईच्या डोळ्यांवर फुटत होतं, आणि ते ऐकून तिचा नवराही तिच्यावरचा विश्वास सोडायला निघाला होता. मला माझी इतकी लाज वाटली, इतकी कधीच वाटली नव्हती.

"आजीची नजर गेली नव्हती," मी म्हटलं. "पानं मी कापली. मावळतीकडची सगळी. दहा दिवसांच्या आत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कुर्लीकडे वळून तिला हे माहीत होतं का म्हणून विचारलं. माहीत होतं, तुम्ही विचारलं नाहीत, असं कुर्लीनं शांतपणे सांगितलं. आत्यानं कपाळाला हात लावला. तिला माझा राग आला होता, ते स्पष्ट दिसत होतं. पण त्याच वेळी तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. ती मला म्हणाली की तुझ्यावर रागवायचं आहे, पण ते नंतर, आधी खाचरावर चल. आजोबाही उठले. गुडघे दुखत असताना ते बांधापर्यंत आमच्या बरोबरीनं चालले.

आत्यानं कुर्लीला उगवतीकडच्या एका कुरूप रोपाची सगळी पानं खालून वर क्रमानं तपासायला लावली. खालच्या जळक्या पानात खच्चून मीठ. त्यावरच्या पानात कमी. त्याच्याही वरच्यात आणखी कमी. आणि मधलं नवं पान? तिथं मीठ जवळजवळ नव्हतंच. खालच्या पानाच्या नवव्या हिश्शाइतकंसुद्धा नाही.

मग कुर्ली माझ्या बाजूच्या रोपाकडे गेली. तिथं खालचं पानच नव्हतं, आणि नव्या पानात मीठ भरलेलं होतं.

आत्या बांधावर बसकण मारून बसली. चिखलाचीही पर्वा केली नाही. मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं, आणि ते मी तुम्हाला सांगते.

मिठात सोडियम नावाचं मूलद्रव्य असतं. रोपाला ते नको असतं; त्याला हवं असतं पोटॅशियम, ज्याला शेतकरी पालाश म्हणतात. पण दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे मुळांच्या दारातून पालाशाऐवजी सोडियमच आत घुसतो. पेशींत त्याची गर्दी झाली की तिथली कामं बंद पडतात. साधं भात इथंच हरतं. खाररात्याची मुळं मात्र पुष्कळसा सोडियम बाहेरच अडवतात. तरी थोडा शिरतोच. मग रोप त्याला कुठं पाठवतं? आपल्या सर्वांत जुन्या पानांकडे. तिथल्या प्रत्येक पेशीत रिक्तिका (पाणी साठवणारी पिशवी) असते. रोप मीठ त्या पिशव्यांत कोंडून ठेवतं. पिशव्या भरल्या की ते पान मरतं आणि मीठ त्याच्या वरच्या पानाकडे जायला लागतं. रोपाची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली असते. नवं पान स्वच्छ राहिलं पाहिजे, कारण त्याच्याच आत पुढे लोंबी तयार होणार असते.

म्हणजे ती जळकी पानं रोगानं मेली नव्हती. ती आपलं काम करून मेली होती.

हे ऐकलं तेव्हा मला त्या कुरूप रोपांपुढे हात जोडावेसे वाटले. भाताच्या रोपाला डोकं नाही, डोळे नाहीत, पळून जायची सोय तर नाहीच नाही. तरी समुद्र अंगावर आला तेव्हा त्यानं ठरवल्यासारखं आपलं एकेक जुनं पान पुढे केलं होतं, पाऊस येईपर्यंत दिवस काढले होते. आणि मी कात्री घेऊन गेले होते.

पण एक शंका होती आणि ती मी विचारली. पानाबरोबर त्यातलं मीठही कापलं गेलं ना? मग रोपाचं ओझं कमी व्हायला हवं. आत्या म्हणाली, छान विचारलंस. गेलं, पण त्या दिवसापुरतं. तू पिवळी टोकं पाहून पानं कापलीस, तेव्हा पिशव्या निम्म्या रिकाम्या होत्या. मुळं तर रोज खारं पाणी पीत होती. उद्याचं मीठ ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून ते थेट वर चढलं. हा तिचा अंदाज होता आणि एका खाचरावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, हेही तिनं लगेच जोडलं. शास्त्रज्ञ माणसं अशीच असतात, आनंद झाला तरी पुढे एक 'पण' लावतात.

आजोबा एवढा वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. सोडियम आणि रिक्तिका त्यांना किती कळलं कोण जाणे.

"म्हणजे चांगूची नजर शाबूत होती," ते म्हणाले.

आत्यानं त्यांची माफी मागितली. मीही मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला आत्याच्या नंतरच्या रागापेक्षा जास्त लागलं. आत्या रागावली ती चूक केली म्हणून नव्हेच. चूक लपवलीस, त्यामुळे मी चार दिवस चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधत बसले, असं तिचं म्हणणं होतं.

दहा दिवसांची रीत पाळली असती तर हे झालं नसतं, असं आजोबा आत्याला हळूच म्हणाले. आत्यानं ते मान्य केलं, पण रीतही थोडी कमी पडते असं तिनं सांगितलं. भाताच्या आयुष्यात मिठाच्या दृष्टीनं दोन काळ नाजूक असतात, एक अगदी कोवळ्या रोपाचा आणि दुसरा फुलोऱ्याचा. फुलोऱ्यात मीठ वर चढलं तर परागकण (फुलातली नराची पूड) मरतात आणि दाणा पोचट निघतो, वरून टरफल आणि आत काहीच नाही. म्हणून जळकी पानं दहा दिवस नव्हे, दाणा भरेपर्यंत ठेवायला हवीत. आजोबा आधी तयार होईनात, बापजाद्यांनी दहा म्हटलंय म्हणजे दहा. मग म्हणाले, बरं, एवढा मोठा पाहुणा, त्याचा केर जरा जास्त दिवस राहू दे.

मावळतीकडची रोपं वाचवायला आम्ही जमेल ते केलं. गोडं पाणी दिलं, कुर्ली दिवसातून तीनदा चक्कर मारायची. काही वाचली, बरीचशी गेली. दिवाळीच्या आधी कापणी झाली तेव्हा कुर्लीनं दाणे मोजले. उगवतीकडे शंभरांतले एक्क्याऐंशी भरलेले, मावळतीकडे शंभरांतले तेवीस. ते तेवीस ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला ओटीवर बोलावलं. समोर लोंब्यांचा ढीग होता. त्यांनी एक लोंबी माझ्या हातात दिली आणि उन्हाकडे धरायला सांगितली. रंग बघ, कूस बघ, शेंड्याचा दाणा दाबून बघ. पहिल्या दहा लोंब्यांत माझ्या चार चुकल्या. संध्याकाळपर्यंत पन्नासांत एक चुकायला लागली. आजोबा म्हणाले, चांगूचंही सुरुवातीला असंच होतं. आमच्या पायाशी फोलपटं आणि कोंडा साचत गेला.

बी राखेत घोळवून तीन मडक्यांत भरलं. एक आजोबांच्या घरात, एक आत्याच्या केंद्रातल्या थंड खोलीत, आणि सर्वांत लहान मडकं माझ्याकडे. पुढच्या वर्षी त्यातलं बी आम्ही चार वाफ्यांत पेरणार आहोत. एका वाफ्यात पानं कापायची नाहीत, बाकीच्यांत वेगवेगळ्या वेळी कापायची, आणि मिठाचं पाणी मोजून द्यायचं. म्हणजे माझ्या चुकीचा आता रीतसर प्रयोग होणार, सगळी नोंद करून, सगळ्यांना सांगून. खाररात्याचं हे मीठ कोंडायचं कसब जास्त उतारा देणाऱ्या भातात आणता येईल असं आत्याला वाटतं. समुद्र काही आमच्यासाठी थांबायचा नाही. पण खारराताही थांबलेला नाही, आणि आता त्याच्या बाजूनं आम्हीपण आहोत.

मडकं कडेवर घेऊन मी निघाले. शेवटच्या पायरीवर होते तोच मागून केरसुणीचा आवाज आला. मी वळून पाहिलं. आजोबा ओटी झाडत होते, मी अजून अंगणातही पोचले नव्हते तरी.  एवढं सगळं झाल्यावरही त्यांच्या मनातून राग गेला नव्हता तर.

"आजोबा," मी म्हटलं, "मी अजून गेले नाही."

त्यांनी वर पाहिलं. त्यांना माझा चेहरा कळला असावा, कारण ते झाडायचे थांबले.

"मग?" ते म्हणाले. "तू काय पाहुणी आहेस? ठेव ते मडकं आणि अंगणातली फोलपटं गोळा कर."

मी मडकं पायरीवर नीट टेकवून ठेवलं आणि कोपऱ्यातली दुसरी केरसुणी घेतली.